मावशींचा उखाणा आणि मोटारीचं घड्याळ

बापूंच्या दुकानातले किस्से इतके साठलेत, की कुठला खरंच घडला आणि कुठला सांगून सांगून खरा झाला, याची मला खात्री नाही. साल सासष्ट असावं. की अडुसष्ट? लोणावळ्याच्या बाजारातलं बापूंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, बाहेर बाकावर मी आणि रेल्वेतले गार्डसाहेब, एवढं मात्र नक्की.

*

एक मुंबईकर तावातावानं आले. "तुम्ही दुरुस्त केलेलं घड्याळ इथे चालतं, मुंबईला गेलं की बंद!"

बापू म्हणाले, "हवापालटाला माणसं इथं येतात. घड्याळानं काय पाप केलंय?"

*

मी रोज माझं घड्याळ तपासून घ्यायचो. शेवटी बापू वैतागले. "डॉक्टर, घड्याळ ठणठणीत आहे. आता उघडायचं तर तुम्हालाच उघडावं लागेल!"

माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. तरी त्या रात्री छातीवर हात ठेवून पाहिला!

*

इंदुरीच्या हौसामावशींनी रुमालाची गाठ सोडली. आत बंद पडलेलं मनगटी घड्याळ. डायलवर परदेशी मोटार कंपनीचं चिन्ह, कडेला दोन बटणं. एक दाबलं की मधला लांब काटा पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा. दुसरं दाबलं की थेट बारावर. शर्यतीचं घड्याळ!

गार्डसाहेबांनी छेडलं, "मावशी, घड्याळ मोटारीचं, मग मोटार कुठंय?"

"मोटार शेटची व्हती, गेली. घड्याळ आमचं, ऱ्हायलं!"

मावशींचे यजमान शंकरराव हे एका शेटजींचे ड्रायव्हर. शेटजींनी त्यांना लग्नात ते दिलं. मांडवात मावशी लांबलचक उखाणा घेत होत्या, तेव्हा नवरदेवानं बटण दाबून वेळ मोजली! तो काटा त्यांनी आयुष्यभर हलवला नाही. आता ते नव्हते.

"घड्याळ चालू करा, बापू. पर त्यो लांब काटा हाय तितंच पायजे."

*

बापूंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून तसलंच एक मेलेलं घड्याळ शोधून त्याची स्प्रिंग काढून यात बसवली. पावाच्या मऊ गाभ्यानं डायल टिपली. काट्याची जागा काचेवर शाईच्या ठिपक्यानं राखली होती. घड्याळ टिकटिकायला लागलं! लांब काटा ठिपक्यापाशी आणून थांबवला, स्पिरिटनं काच लखलखीत पुसली, आणि सवयीनं दुसरं बटण दाबून पाहिलं.

काटा बारावर!

"सातच्या पुढं होता," गार्डसाहेब म्हणाले.

"आठच्या जवळ," बापू म्हणाले.

मला दोन्ही पटत होतं.

*

मावशी आल्या. बापूंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मावशींनी घड्याळ हातात घेतलं.

"पळवायचं बटान कंचं?"

डोळे मिटले, पदर सावरला, बटण दाबलं, आणि भर बाजारात उखाणा सुरू! घाट, घाटात वळण, वळणावर मोटार… समोरचा चिक्कीवाला तराजू धरून उभाच. "…मोटारीत गादी, गादीवर शेट, शंकररावांची नि माजी खंडाळ्यात झाली भेट!"

बटण! काटा आठच्या जरासा अलीकडे.

"हितंच व्हता!"

गार्डसाहेबांना राहवेना. "मावशी, इतक्या वर्षांनी वेग तोच कसा?"

"तवा लाजंनं थांबत व्हते, आता दम लागतुया. हिशेब सारकाच!"

बापूंनी चिक्की वाटली.

*

पुष्कळ वर्षांनी इंदुरीला मावशींच्या मुलाकडे गेलो. भिंतीवर मावशी आणि शंकररावांचा लग्नानंतरचा मोठा फोटो होता. शंकरराव मनगट ऐटीत पुढे करून बसलेले. मी खिशातलं भिंग काढलं, आधी फोटोवर धरलं, मग मुलाच्या मनगटावर चालत असलेल्या त्याच घड्याळावर. खात्री होईना म्हणून पुन्हा धरलं.

दोन्हीकडे लांब काटा आठच्या जरासा अलीकडे.