बोडीची होडी

परवा माळ्यावर ग्रामोफोनच्या पिनांची टिनाची डबी सापडली. उघडताच गंजाचा वास आला आणि मी अर्जुनी मोरगावच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलो.

तेव्हा मी एका गायकबुवांचा वेडा भक्त होतो. गोंदियाला त्यांचा जलसा झाला, तेव्हा हट्टानं त्यांना गावी आणलं. आमच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. चिखलात वाकलेली माझी काकी तिनंच जुळवलेलं गाणं म्हणत होती, 'बोडी भरली, वाट बुडाली, माहेरी कशी जाऊ.' बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बुवांनी बांधावर उभं राहून डोळे मिटून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं. मी धन्य झालो.

वर्षभरानं त्यांची नवी तबकडी आली. जाहिरातीत छापलं होतं, 'स्वतः बुवांची अलौकिक रचना'. मी काकीला समोर बसवून ग्रामोफोनला चावी दिली. तेच गाणं, तीच चाल. फक्त बुवा गात होते, 'होडी भरली, वाट बुडाली.' होडी भरल्यानं वाट कशी बुडते, हे त्यांना कुणीच विचारलं नसावं.

"माही बोडी होय ना थे?" काकीनं विचारलं. मी पिन उचलून तबकडी थांबवली.

'अलौकिक' शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे. पण बुवांना त्या बांधावर नेलं होतं मीच.

काकी पदर झटकत उठली. म्हणाली, "बोडीची होडी केली, अन् तिच्यातच बसून निंगून गेला गा तुहा बुवा."