घडीची गाडी

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग मी नोकरी गेल्यावर काढलं, हे सांगायला लाज कशाला वाटावी? कारखान्यात संगणक आले आणि पेन्सिलीनं आराखडे काढणाऱ्या आम्हा लोकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा किती होती ते सोडा. बावीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग काढले, आणि शेवटी काढली ती दोन कयाक वाहून नेणारी गाडी.

कयाक म्हणजे एका माणसानं वल्हवायची अरुंद नाव, चांगली सतरा फूट लांब. माझी मुलगी हुसेनसागर तलावात ती चालवायची. मोडीत निघालेल्या दोन नावा तिनं काचीगुड्याच्या आमच्या बोळात स्वतः दुरुस्त केल्या होत्या. एक शर्यतीला, एक अडीनडीला. राज्याच्या ज्युनियर संघाची निवड तोंडावर आली होती आणि वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचं वर्ष. नाव ज्यानं त्यानं आणायची. मागच्या वेळी टेम्पोतून नेताना एकीचं टोक फुटलं होतं, म्हणून या वेळी स्कूटरमागं जोडायची गाडी माझी.

घरमालक नावा भिंतीला टांगू द्यायचे, पण बोळात गाडी उभी करायला त्यांची ना होती. म्हणून घडीची. मधोमध बिजागऱ्या, दोन पिना, जुन्या मोपेडची चाकं. पिना काढल्या की गाडी मिटून खाटेसारखी दाराआड उभी राहायची. कोठी बाजारातल्या वेल्डरचा चहा निवला, तरी त्याची नजर माझ्या ड्रॉइंगवरून हलेना.

खोट काढली ती मुलीनं. "बाबा, पुढं ओढायला दांडी पाहिजे. स्कूटर बंद पडली तर काय करायचं?"

"मी काय बंडीवाला आहे?" मी खेकसलो. "दांडी लावली की तिची हातगाडी होते."

तिनं परस्पर वेल्डरकडून घडीची दांडी बसवून आणली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

निवडीच्या दिवशी पहाटे आम्ही गाडी उलगडली, गोधड्या अंथरल्या, नावा पट्ट्यांनी बांधल्या. मुलगी स्कूटरवर माझ्या मागं बसली. नारायणगुड्याच्या चौकात पोलिसानं हात दाखवला.

"चाचा, स्कूटर के पीछे ये नक्को. नै चलता."

मी विनवण्या केल्या. मुलीची निवड आहे, सातला हजर व्हायचंय.

"तो हाथ से खींचो ना," तो म्हणाला. "बंडी को कौन रोकता?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. मुलगी खाली उतरली आणि तिनं दांडी उघडली.

स्कूटर एका हॉटेलाशी लावून आलो तर ही ओढायच्या तयारीत. मी ओरडलोच, "हात लावायचा नाही! तुझे हात पाण्यासाठी आहेत. बाजूनं चाल."

हिमायतनगरात एक नवीकोरी मोटार शेजारी येऊन हळू झाली. काच खाली झाली. आत कारखान्यातला माझा जुना सहकारी. "अहो, हे काय करताय?" माझा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मुलीच्या नावा आहेत," एवढंच म्हणालो आणि खाली मान घालून ओढत राहिलो.

तलावावर पोचलो तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. मुलगी दुसरी आली आणि संघात गेली. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.

निघताना मी दांडीकडे वळलो, तर ती आधीच तिथं उभी. "आता माझे हात मोकळे झाले, बाबा. तुम्ही बाजूनं चाला."

चाललो. दांडी झकास बसवलीस, हेही तिला सांगितलं. तळहात सोलवटले होते आणि छाती शर्टात मावत नव्हती. हिमायतनगर येईपर्यंत आणि सरेपर्यंत मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत डोकावून बघत होतो. आता कुणीतरी ओळखीचं भेटायला हवं होतं. मेला एकही भेटला नाही.