न पाहता केलेल्या सह्या

पाण्याच्या टाकीपाशी मास्तरीण तिसऱ्यांदा खाली बसली. व्यसनमुक्ती विभाग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसमध्ये तिला मळमळायला लागलं, म्हणून मधेच उतरून आम्ही चालत निघालो होतो. भर उन्हात ती कुडकुडत होती.

"ऊठ गं, थोडंच राहिलंय."

"मघापासून थोडंच राहिलंय तुझं!"

नर्सिंगच्या आमच्या वर्गात सगळ्या तिला मास्तरीण म्हणायच्या. तान्ह्या बाळाची शीरही तिला पहिल्या खेपेला सापडायची. माझा हात थरथरला की मागून म्हणायची, "घाबरतेस काय? शीर काय पळून चाललीय?" मी पास होत गेले ती तिच्या जिवावर.

शेवटच्या वर्षी आम्हाला वॉर्ड मिळाले. कडक वेदनाशामक इंजेक्शनातलं उरलेलं औषध दुसरीच्या डोळ्यांदेखत ओतून टाकायचं आणि रजिस्टरवर दोघींनी सही करायची, असा नियम. ती रजिस्टर घेऊन यायची आणि मी जेवता जेवता सही ठोकायची. मास्तरणीवर कोण संशय घेणार?

तिचं जेवण कमी झालं. उकाड्यातही ती लांब बाह्या घालायची, तासन् तास बाथरूममध्ये असायची. मी रोज देवापुढे तिच्यासाठी हात जोडले. तिला मात्र एकदाही विचारलं नाही.

मग वॉर्डातल्या, भाजलेल्या एका आजींनी माझा हात धरला. "पोरी, तुझ्या मैत्रिणीच्या सुईनं आग थांबतच नाही गं. पाणी टोचते की काय?"

मी तडक जाऊन बाथरूमचं दार बडवलं. तिनं उघडलं तेव्हा बाही वर होती आणि हातावर सुयांच्या खुणाच खुणा.

"कधीपासून?"

"तुझ्या सह्या मोज."

मी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं, माझ्या सह्यांसकट. चौकशी आता दोघींची होणार आहे. सिस्टर म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी तिला दाखल कर, नाहीतर एक दिवस हातची जाईल."

विभागाचं फाटक दिसलं तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"डॉक्टर विचारतील, किती घेतेस. मी कमीच सांगणार बघ. आत्तापासूनच मनात आकडा जुळवतेय. मग उपचारही तेवढ्याचेच होतील आणि त्रास सोसेना की मी पळून येईन. तू माझ्याशेजारीच बस. खरा आकडा तुझ्या सह्यांत आहे. मी खोटं बोलले की तिथल्या तिथे मला खोटी पाड. मी शिव्या दिल्या, रडले, तुझ्या पाया पडले, तरी पाड. करशील एवढं?"