दादांची माती

माझ्या सासऱ्यांना मी एकदा खडूने मारलं. (त्यानंतर ते बरीच वर्षं ठणठणीत होते.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगली शहरात वाढलेली, शेतीची पदवी घेऊन उंब्रजला सून म्हणून आले. गावातली उसाची रानं मिठाने पांढरी पडत चालली होती आणि लोक त्यांवर पोत्यांनी खत ओतत होते. खताआधी माती तपासून घ्या, हे सांगायला मी दोन सभा घेतल्या. दोन्हींना श्रोता एकच : माझे सासरे, दादा. तिसरीही रिकामी गेली तर हा नाद सोडायचा, असं मी ठरवलं होतं. प्रात्यक्षिकासाठी दादांनी आपल्या रानातली माती देऊ केली.

म्हणून दूध डेअरीच्या फळ्यावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उद्या सकाळी नऊ वाजता आमच्या दादांची माती. सर्वांनी यावे.' सांगलीच्या आमच्या घरी माती फक्त कुंडीत असे. इकडे 'माती' म्हणजे अंत्यविधी, हे पदवीच्या एकाही पुस्तकात नव्हतं!

सकाळी अंगणात टोप्याच टोप्या. मी हरखले. विज्ञानाची एवढी ओढ! डोळे पुसणाऱ्यांचे तर मी हात जोडून आभार मानले. दुधाच्या टेम्पोबरोबर निरोप रहिमतपूरलाही पोचला होता. दादांच्या बहिणीने, आमच्या आत्यांनी, वेशीपासूनच हंबरडा फोडला. तेवढ्यात मातीची बादली घेऊन दादा रानातून आले.

"कोण गेलं रं?"

"आवं दादा, तुमीच की," पुढचा माणूस म्हणाला.

मग कुणीतरी फळ्यावरचा मजकूर सांगितला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. दादा बादली घेऊन ओट्यावर चढले.

"आलायसा तर बसा. माणसाची माती मेल्यावर करत्यात. रानाची माती रान जितं हाय तवाच तपासायची, म्हंजी ते मरत न्हाई."

मला दोन सभांत जमलं नव्हतं, ते या दोन वाक्यांनी झालं. दुपारपर्यंत अर्धं गाव आपापल्या रानातली माती पिशवीत घेऊन दारात उभं होतं. मला कुणी शब्दानेही बोललं नाही, आत्यासुद्धा नाहीत. (त्यांनी फक्त तीनदा चहा मागितला.) दादांचे ते उपकार मी आजही विसरलेले नाही.

पुढच्या वर्षी चूक नको म्हणून मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'मृदा परीक्षण'. तिघे आले. त्यातल्या एकाने ही मृदा कुणाची पोरगी आणि कितवीच्या परीक्षेला बसलीय, ते विचारलं.

दादांनी फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला.

"सूनबाई, लिव. पुन्यांदा मीच मरतो."