लिहिलं असेल तेवढंच

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या ज्योत्स्नाला लोकांचे चेहरे लक्षात राहत नसत, तोंडं मात्र राहत. बाजारात कुणी नमस्कार केला की ती गोंधळायची; तोच माणूस हसला की लगेच ओळखायची. अरे, हा तर खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेला! नागपूरहून दातांच्या सफाईचा डिप्लोमा घेऊन त्र्याण्णव साली ती वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात लागली आणि गावानं तिचं नाव 'दात घासणारी बाई' ठेवून टाकलं. दात काढायचे, भरायचे ते डॉक्टरांनी. तोंडातलं किटण खरवडायचं ते हिनं. आणि आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांना काय तोटा? खरवडता खरवडता ती पेशंटला चांगला दम भरायची, आणि तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला निमूट ऐकून घ्यावं लागायचं. पुरुषांना असं ऐकवायचं सुख फार थोड्या बायकांच्या वाट्याला येतं.

तिला ते काम मनापासून आवडायचं. त्यामागे आणखी एक कारण होतं. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर तिनं सेलूला धाकट्या भावाकडे, गजेंद्रकडे, एक वर्ष काढलं होतं. गजेंद्र वाईट नव्हता. पण त्या घरात चहा प्यावासा वाटला तरी आधी भावजयीच्या कपाळावरची आठी पाहावी लागायची. नोकरी लागली तशी ती आईला, कौशल्याबाईंना, घेऊन सिंदी मेघेत दोन खोल्यांत राहायला आली. पुन्हा म्हणून त्या घरी मिंधं होऊन जायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दहा-अकरा वर्षं बरी गेली. मग उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सकाळी बधिर राहू लागली. तिनं गरम पाण्यानं शेकलं, तेल चोळलं आणि कुणाला कळू दिलं नाही. दिवसभर एकाच कोनात मनगट वाकवून दुसऱ्याच्या तोंडात काम करणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं, हे तिला शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं दुसऱ्यासाठी असतं असं आपल्याला वाटतं. एक दिवस हातातलं अवजार तिला जाणवलंच नाही. ते सटकलं आणि देवळीच्या एका मास्तरांची हिरडी चिरली. मास्तर भला माणूस, "होते असं कधी कधी" म्हणाले. पण महिन्याभरात तिच्या खुर्चीजवळ नवी मुलगी उभी होती आणि डॉक्टरांनी हिला हाताला आराम द्यायला सांगितलं.

बातमी सेलूला पोचायला कितीसा वेळ लागतो? गजेंद्र आला.

"ताई, काऊन इथं भाडं भरून राह्यली? चाल सेलूले. मांगची खोली रिकामीच हाये. मायलेही बरं पडन."

"पाहतो मी काहीतरी," ज्योत्स्ना म्हणाली.

"आता काय पाहतं तू या हातानं?"

तो प्रेमानंच बोलला होता, म्हणून ते जास्त लागलं. तो गेल्यावर तिनं न्हाणीघराचं दार लावलं आणि तोंडात पदर कोंबून ती रडली.

तिच्यासोबत डिप्लोमा केलेल्या मोहिनीनं तिला नागपूरच्या एका ऑफिसबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दातांचं जे काही काम केलं असेल, त्याला ठरलेला आकडा लावायचा, की तिथली विमा कंपनी पैसे देते. साध्या सफाईला एक आकडा, हिरडीखालच्या खोल सफाईला दुसरा. पेशंट नाही, अवजार नाही, रक्त नाही, नुसता कॉम्प्युटर. ज्योत्स्नानं डाव्या हातानं माऊस धरायला शिकून घेतलं. रोज पहाटे वर्ध्याहून पॅसेंजर, संध्याकाळी परत. बाकीची सगळी पोरं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. त्यांनी दात फक्त आरशात पाहिलेले. हिला वाटलं, आपण यांना सहज मागे टाकू.

झालं उलटंच. पोरं वाचायची आणि आकडा लावायची. ज्योत्स्ना आधी एक्स-रे उघडायची. हाड खाली गेलेलं दिसलं की हिचा जीव राहायचा नाही. इथं खोल सफाईच हवी, म्हणून ती खोल सफाईचा आकडा लावायची. डॉक्टरनं लिहिलेली असायची साधी सफाई.

तिचं काम तपासणारा नीलेश तिशीच्या आतला, पण बोलणं जपून. "मॅडम, डॉक्टरनं लिहिलं असेल तेवढंच झालं. आपण जास्तीचं लावलं तर ती फसवणूक होते."

"पण फोटोत दिसून राह्यलं ना सरळ."

"आपल्याले दिसाचं कामच नाई, मॅडम."

त्याचं बरोबर होतं. तिलाही ते पटलं. तरी पुढच्याच आठवड्यात एका फाईलच्या शेऱ्यात तिनं लिहिलं की या पेशंटची हिरडी पुन्हा एकदा तपासावी. तिकडचा डॉक्टर भडकला. नागपुरात बसून मला दवाखाना शिकवणारे तुम्ही कोण? मोठ्या साहेबानं नीलेशला झापलं, नीलेशनं हिला. शिकाऊ मुदत एक महिना वाढवली आणि वर सांगितलं की आता एकही शेरा चालणार नाही. तिनं हात जोडून 'हो' म्हटलं. आपल्यापेक्षा लहान पोरासमोर हात जोडताना तिला सेलूची ती मागची खोली दिसत होती.

तो महिना तिनं दातावर दात दाबून काढला. वाच, आकडा लाव, पुढे जा. एक्स-रे उघडायचाच नाही. मुदतीचा शेवटचा दिवस आला, आणि एका फाईलमध्ये एक्स-रे पहिल्या पानावरच होता.

नावाच्या जागी नुसता नंबर. बाई, वय चव्वेचाळीस. खालच्या जबड्यात डावीकडे, मागच्या दाढेखाली, हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं झालेलं. कडा अशा कुरतडलेल्या की ज्योत्स्ना पुढचं वाचायची थांबली. असा फोटो तिनं पूर्वी पाहिला होता, वर्ध्याच्या दवाखान्यात आलेल्या सेलूकडच्या कवडूचा. त्याला तिनं खुर्चीतून उठूच दिलं नव्हतं. बायकोला आत बोलावून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडलं होतं, आणि तिथं कॅन्सर निघाला होता. इथं डॉक्टरनं लिहिलं होतं: साधी सफाई केली, सहा महिन्यांनी यावे.

तिनं नीलेशला बोलावलं. त्यानं फोटोकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, आज नका करू."

"हे साधं नाई, नीलेश. ह्या बाईले..."

"तिथं डॉक्टर हाये. त्यानं पाहिलं असन."

"लिहिलं नाई."

"मंग आपल्यासाठी ते नाईच हाये." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा पक्क्या नोकरीचा कागद साहेबाच्या टेबलावर सहीले गेला हाये. मी लय बोललो तुमच्यासाठी."

शेऱ्याची चौकट समोर रिकामी होती. दोन ओळी पुरल्या असत्या. सहा महिने म्हणजे काय, हे ज्योत्स्नाला नीट ठाऊक होतं. भाऊ ठाऊक होता, भावजय ठाऊक होती, आईचं म्हातारपण ठाऊक होतं. ती त्या काळ्या डागाकडे बघत बसली आणि मनातल्या मनात त्या बाईची माफी मागू लागली. मग तिनं साध्या सफाईचा आकडा लावला आणि फाईल पाठवून दिली.

संध्याकाळी नीलेशनं कागद हातात ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली, आभार मानले, आणि गाडीत वर्ध्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

कौशल्याबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं वं?"

"लागली नोकरी."

म्हातारीनं देवापुढे दिवा लावला आणि लेकीच्या हातावर साखर ठेवली. "आता नाई जात आपण कोनाच्या दारात," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"माय, आज एक बाई दिसली," ज्योत्स्ना म्हणाली. "लय बिमार हाये. तिले स्वतःलेच मालूम नाई."

"कुठं, गाडीत?"

ज्योत्स्नानं साखर तोंडात टाकली.

"मंग सांगाचं ना तिले! तोंड देल्लं ना देवानं. तू तं कोनालेही सांगतं."

ज्योत्स्नाला साखर गिळवेना. तिनं मोरीत जाऊन चूळ भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडीला वेळेवर हजर होती.