मिशरीचं बोट

सासूबाई मागच्या अंगणात तव्यावर तंबाखू भाजायला लागल्या की मी खिडक्या लावून घ्यायचे. काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा ती मिशरी बोटानं दातांवर घासत मोरीपाशी बसायचं. शेजारणी आल्या की चहाआधी डबी पुढे सरकायची. मोरीतली ती तपकिरी थुंकी मी नाक दाबून, बादलीभर पाणी ओतून घालवायचे. मी साताऱ्याची, शाळेत शिकवणारी. इस्लामपूरच्या या घरात आल्यापासून मला त्या डबीची शिसारी होती आणि ती मी कधी लपवली नाही.

चाळिशीत माझे दात बिघडले. माठातल्या पाण्याचा घोट घेतला की कानशिलापर्यंत कळ जायची. ताक सोसेना, गार वारा सोसेना. मीठ-हळद झाली, लवंगेचं तेल झालं, कडक ब्रशनं खसाखसा घासून झालं. वर्गात तोंडावर रुमाल धरून शिकवायची वेळ आली. एका दुपारी सासूबाईंनी डबी पुढे केली.

"वाईच लावून बग. कळ ऱ्हाती."

मी लावली. डोकं गरगरलं, पण कळ खरंच राहिली.

महिन्याभरात माझ्या पर्समध्ये माझी स्वतःची डबी आली. मधल्या सुट्टीत शाळेच्या बाथरूममध्ये घासायचं, थुंकायचं, वेलदोडा चघळायचा आणि मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवायला जायचं. आरशात स्वतःकडे बघवत नव्हतं. बोट मात्र थांबत नव्हतं.

सांगलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा सासूबाई सोबत होत्या.

"मिशरी लावता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," मी म्हणाले.

"तिला लय किळस हाय त्याची," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

औषधी पेस्ट मिळाली, मऊ ब्रश मिळाला, दातांवर फ्लोराइडचा लेप झाला. दोन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. पडणार कसा? दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा माझ्या हिरड्यांवरून फिरवला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. तपकिरी झाला होता. सासूबाई छताकडे बघत बसल्या.

"हिरड्यांजवळ दात झिजून खाचा पडल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडक ब्रशनं सुरुवात झाली असेल, उरलेलं मिशरीनं केलं. झिजवते तीच आणि बधिरही करते तीच. खाचा मी भरून देते. तेवढ्यानं भागलं नाही तर रूट कॅनॉल करू. पण ती सुटली नाही तर यातलं काही टिकायचं नाही, दात जातील."

खाचा भरून घेतल्या. स्टँडवरच्या कचरापेटीत डबी टाकली.

आज दहावा दिवस. गार पाणी पिता येतं. सकाळी मागच्या अंगणात तवा तापला आणि सवयीनं मी खिडकीशी गेले. तोच जळका, कडवट वास आत आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतक्या वर्षांत सासूबाईंच्या डबीची आली नसेल एवढी किळस मला स्वतःच्या तोंडाची आली, आणि तरी खिडकी लावायला हात उठेना.