तांदळाच्या डब्यातला फोन

वसुधाकाकू प्रभुदेसाई एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक टेबलावर होत्या. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि बाजूला पेनाने वेळ लिहायची. काम एवढंच, पण त्या टेबलासमोर मोठमोठे साहेब हात जोडून उभे राहायचे.

"बाई, हे पत्र उद्या आलं असं दाखवा ना."

"आज आलंय, साहेब."

"पण मी अजून पाहिलंच नाहीये!"

"तुम्ही नसेल पाहिलं. कचेरीत आलंय ना?"

आणि धप्! शिक्का बसायचा. निवृत्त होईपर्यंत काकूंनी एकदाही उद्याची तारीख मारली नाही.

त्या गुरुवारी दुपारी मुलुंडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर विम्याची चौदा पानं होती. पुढच्या शुक्रवारी गार्गीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, निहारशी लग्न होतं. खालच्या मजल्यावरची प्रियंका विम्याचं काम करायची. ती शेजारी बसून पेनाचं टोपण उघडझाप करत होती.

"काकू, चौदाच्या चौदा पानं वाचणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय. बाकीचे विचारतात, सही कुठे करू?"

"आणि मग रडत बसतात. पान सहा. 'निकटचे नातेवाईक' म्हणजे कोण गं?"

"वधू-वर, दोघांचे आईवडील, सख्खी भावंडं. यांच्यातल्या कुणाला काही झालं आणि लग्न रद्द करावं लागलं, तर कंपनी नुकसान भरून देते."

"चुलत दीर?"

"चुलत नाही येत, काकू."

"वसुधा!" स्वयंपाकघराच्या दारातून मार्तंडकाका कुजबुजले. "नको ते तोंडाने काढू नकोस."

"विचारतेय फक्त, अहो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात घुर्रर्र झालं. ओट्यावरचा तांदळाचा स्टीलचा डबा थरथरायला लागला. काका भिंतीला टेकले. काकूंनी चष्मा काढून हातात धरला. दहा सेकंद. वीस. मग डबा गप्प झाला.

"आज पाचवा," काका म्हणाले.

"डब्यात काय आहे?" प्रियंकाने घाबरून विचारलं.

"माझा फोन," काकू म्हणाल्या.

सोमवारी कुडाळजवळच्या गावाहून शौनकचा फोन आला होता. त्याचे वडील, म्हणजे मार्तंडकाकांचे थोरले चुलतभाऊ दशरथअण्णा, यांना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. अण्णा गेले तर भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. गुरुजी म्हणाले, देवक एकदा बसलं की मग आडकाठी नाही. पण देवकाचा दिवस रविवारचा. तोवर काय? गुरुजींनी नजर टाळत सांगितलं, "कळेपर्यंत सुतक लागत नाही, असंही आहे."

काकांनी तेवढंच धरून ठेवलं. स्वतःचा फोन बंद करून टाकला. काकूंनी आपला बंद करायला साफ नकार दिला. उचलला तर कळेल, असं काका म्हणाले. बंद केला तर ते खोटं, असं काकू म्हणाल्या. भांडून भांडून शेवटी फोन डब्यात गेला. त्यातले तांदूळही अण्णांच्याच शेतातले, सत्तावीस वर्षं दर मे महिन्यात न चुकता येणारे.

"पान नऊ," काकू म्हणाल्या. "'लग्न रद्द होण्याला कारण ठरू शकेल अशी कोणतीही परिस्थिती आपल्याला आज माहीत आहे का? हो किंवा नाही.'"

"इथे सगळे 'नाही'च लिहितात."

"'कोणतीही' असं आहे. सख्खं की चुलत, हे विचारलेलंच नाही."

"काकू, 'हो' लिहिलंत तर कंपनी शंभर प्रश्न विचारेल. कदाचित पॉलिसी देणारच नाही. आणि घ्यायचा आज शेवटचा दिवस आहे."

"'नाही' लिहिलं आणि उद्या हॉलला आग लागली तर?"

"आगीचे मिळतील ना."

"आणि मी हे लपवलं होतं असं त्यांना कळलं तर?"

प्रियंकाचं टोपण थांबलं. "मग अख्खी पॉलिसीच जाते. आगीसकट."

"अगं, पण आपल्याला माहीत काय आहे?" काकांचा आवाज चढला. "माणूस आजारी आहे! गुडघे माझेही दुखतात. सोमवारनंतर आपल्याला काहीही माहीत नाही."

"माहीत नाही, की माहीत करून घेत नाही?"

"गार्गीचा विचार कर ना जरा! पंधरा दिवसांनी निहार बोटीवर जाईल, तो आठ महिने परत यायचा नाही. तुझ्या एका हॅलोने पोरीचं लग्न..."

घुर्रर्र.

या वेळी डबा थांबेना. थरथरत तो ओट्याच्या कडेकडे इंच इंच सरकायला लागला. साहेबांची पत्रं सोपी होती. त्यांत काकूंच्या घरातलं कुणी नव्हतं. ही पोरगी त्यांची होती.

त्या उठल्या.

"वसुधा, पाया पडतो तुझ्या."

त्यांनी झाकण उघडून कोपरापर्यंत हात तांदळात घातला. फोन काढला, पदराला पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं.

"बोल रे शौनक."

पलीकडे नुसता श्वास. घरघरता, लांबलेला. मग आवाज आला, पण शौनकचा नव्हे.

"काय गो वसुधा, माझ्या फोनाक भियातंस?"

काकूंनी दुसऱ्या हाताने डबा कडेवरून मागे सरकवला.

"माका कळता गो. घरात लगीन आसा." पुन्हा श्वास. "पण माका पण भ्या वाटता. शौनक औषध आणूक गेलो. घरात कोण नाय. फोन ठेवू नको."

"नाही ठेवत, अण्णा."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि विम्याच्या कागदांवर ठेवला. प्रियंकाने डोळ्यांनीच विचारलं, आता काय?

"'हो' कर. खाली लिही, चुलत दीर अत्यवस्थ. चार वीसला बोलणं झालं."

"वेळेला रकाना नाहीये, काकू."

"समासात लिही."

काका दारातच उभे होते. मग पाय ओढत आले, खुर्ची ओढली आणि फोनवर तोंड नेलं. "अण्णा, मी मार्तंड."

"मार्त्या. जेवलंस?"

"जेवलो," काका म्हणाले. ताट सकाळपासून तसंच झाकलेलं होतं.

फोनमधून श्वास येत राहिला. मध्येच त्याला उशीर व्हायचा, आणि तिघंही एकदम पुढे वाकायची. मग तो यायचा. शौनकच्या पावलांचा आवाज मात्र अजून येत नव्हता.